शाळेतलं जेवण सुधारण्यासाठी कायदा कसा वापरायचा: माणदेशातल्या एका आईची माहिती

शाळेतल्या खिचडीबद्दल बोलायचं असेल तर आधी एक वजनकाटा मिळवा. ग्रॅम दाखवणारा, स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. "खिचडी पातळ होती", "डाळ दिसतच नाही" असं सांगितलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि विसरून जातो. "४० मुलं जेवली, डाळ ८०० ग्रॅम हवी होती, पडली निम्मी" असं तारीख घालून लिहून दिलं की त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

मी माणदेशातल्या एका गावात शिवणकाम करते. थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकून बाहेर पडली, धाकटी अजून तिथंच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आधी सदस्य होते, पुढे अध्यक्ष झाले. आमच्याकडे बाया सकाळी सातच्या आत डाळिंबाच्या बागेत कामाला जातात. पोरं चहा-खारी खाऊन शाळेत येतात. त्यांचं दिवसातलं पहिलं खरं जेवण शाळेतच होतं, म्हणून ते कसं आहे यावर माझा एवढा जीव अडकलेला असतो.

या कामात मला कळलेली गोष्ट सांगते. आधी कायद्यात जे लिहिलंय ते ताटात आणायचं. मग ताटात जे हवं आहे ते कायद्यात लिहून घ्यायचं. बरेच जण दुसऱ्या कामापासून सुरुवात करतात आणि थकतात. पहिलं काम हातात असेल तर दुसऱ्यासाठी पुरावा आपोआप जमा होतो.

ताटावर मुलाचा हक्क किती

१५ ऑगस्ट १९९५ ला शाळेत जेवण देण्याची ही योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा. पोरं पिशव्या घेऊन तो घरी न्यायची आणि तो सगळ्या घरात वाटला जायचा. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला की तांदूळ वाटून भागणार नाही, शिजवलेलं जेवण द्या. त्या आदेशामुळे शाळेत चूल पेटली. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि हे जेवण मुलाचा कायदेशीर हक्क झालं.

त्या कायद्याचं कलम ५ पाठ करून ठेवा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला, सुट्टीचे दिवस सोडून रोज, मोफत एक वेळचं जेवण. किती पोषण असलेलं, ते कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

कॅलरी मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, पण योजनेत कच्च्या मालाची मापं दिलेली आहेत. लहान मुलाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. मोठ्याला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५ आणि तेल साडेसात ग्रॅम. आता आपल्या शाळेचा हिशेब करा. पहिली ते पाचवीची ४० मुलं जेवायला असतील तर त्या दिवशी ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी आणि २०० ग्रॅम तेल पडलं पाहिजे. सहावी ते आठवीची ४० असतील तर ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त फरक या एका कागदाने पडला.

भाजीकडे विशेष लक्ष द्या. डाळ आणि तांदळाची पावती असते, साठ्याची नोंद असते. भाजी रोजच्या रोज गावातून आणायची असते, त्यामुळे तिथं सगळ्यांत आधी हात आखडतो. दोन किलो भाजीच्या जागी चार टोमॅटो आणि दोन कांदे पडतात, आणि खिचडीला रंग असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शेवग्याचा पाला, चवळी, मेथी, भोपळा अशी आपल्या मातीतली स्वस्त भाजी सांगा. शाळेला पाणी असेल तर परसबाग होऊ शकते. आमच्याकडे उन्हाळ्यात पिण्याचंच पाणी टँकरने येतं, तेव्हा परसबागेचा आग्रह मी दिवाळीपर्यंतच धरते.

काय बघायचं, कुठं लिहायचं

जेवण आयांनी बघावं ही कायद्याचीच अपेक्षा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. ३० सप्टेंबर २०१५ ला केंद्राने मध्यान्ह भोजनाचे नियम काढले. त्या नियमांत जेवणाचा दर्जा आणि स्वच्छता यावर देखरेख ठेवायचं काम याच समितीला दिलंय. कोणी "तुमचा काय संबंध" म्हणालं तर हे नियम दाखवा.

आठवड्यातून एक दिवस ठरवू नका. वार माहीत झाला की त्या दिवशी सगळं नीट होतं. आळीपाळीने दोन-दोन आया जा, कधी सोमवारी, कधी शुक्रवारी. सामान भांड्यात पडायच्या आधी पोचा, कारण शिजल्यावर काही मोजता येत नाही. हजेरीपटावरची मुलं आणि प्रत्यक्ष पंगतीला बसलेली मुलं दोन्ही मोजा. साठ्याची नोंदवही बघायला मागा. चव नोंदवही बघा: मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखून सही करायची असते. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ ला शाळेतल्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं दगावली. अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून ती नोंदवही आहे. तिच्यात महिन्याभराच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने केलेल्या दिसल्या तर गप्प बसू नका.

ताटाचा फोटो काढा, मुलांचे चेहरे काढू नका. भुकेल्या पोराचा फोटो गावभर फिरवून त्याची लाज काढायचा हक्क आपल्याला नाही.

पंगत कशी बसते तेही बघा. कोणती मुलं टोकाला बसवली जातात, कोणाला वरून वाढलं जातं, कोणत्या बाईच्या हातचं कोणी खात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलंय. डाळ कमी पडली तर ती उद्या भरून काढता येते. पंगतीत वेगळं बसवलेल्या पोराच्या मनावर जे बसतं ते निघत नाही, म्हणून असली तक्रार मी सगळ्यांत आधी लिहिते.

मावशींशी भांडू नका

नव्या पालकांचा पहिला राग स्वयंपाक करणाऱ्या बाईवर निघतो. तो तिथं काढायचा नसतो. आमच्या शाळेतल्या मावशींना मी विचारलं होतं, "मावशी, डाळ किती टाकता?" त्या म्हणाल्या, "काढून देतात तेवढी टाकते गं. कुलूप माझ्याकडं आहे का?" त्यांचं खरं होतं.

केंद्राने २००९ मध्ये स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं आणि केंद्राचा हिशेब अजून त्याच आकड्यावर आहे. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २५०० पर्यंत नेलं. तेही वर्षातले दहाच महिने. चूल पेटवणं, निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, सगळं त्यात आलं. बागेत मजुरीला गेलेली बाई आठवड्याभरात जवळपास तेवढं कमावते. म्हणून तुमच्या मागण्यांच्या कागदावर मावशींचं मानधन असलंच पाहिजे. त्या तुमच्या बाजूने असतील तर आत काय चाललंय ते तुम्हाला कळतं. आणि चांगलं जेवण शेवटी त्यांच्याच हातून होणार आहे.

मुख्याध्यापकांचंही तसंच. सर वर्ग सोडून तांदळाचे कट्टे मोजत बसतात आणि रोज मोबाइलवर माहिती भरतात. त्यांच्याशी आधी तोंडी बोला. म्हणा, "सर, पुरवठा कमी येतोय का? तसं असेल तर तुमच्या वतीने आम्ही पालक लिहितो." कित्येकदा ते याचीच वाट बघत असतात, कारण वरच्या कार्यालयाविरुद्ध शिक्षकाला लिहिता येत नाही आणि पालकाला येतं.

ठराव, मग पत्र

तोंडी बोलून सुटलं नाही तर समितीच्या बैठकीत ठराव घ्या. इतिवृत्ताच्या वहीत तारीख, विषय, सूचक आणि अनुमोदक यांची नावं असली की ठराव पक्का होतो. भाषा साधी ठेवा. आमचा असा होता: "दुपारच्या जेवणात डाळीचं व भाजीचं प्रमाण राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या अनुसूची २ व योजनेच्या निकषांपेक्षा कमी आढळलं. तपासणीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. पुढील पंधरा दिवसांत पुरवठा व वजन तपासून समितीला लेखी कळवावं, असा ठराव सर्वानुमते मंजूर." त्यात कोणावरही चोरीचा आरोप नाही. आरोप केला की चौकशी आरोप करणाऱ्याची होते.

ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाला शाळांचं केंद्र म्हणतात, त्याचे प्रमुख), पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

जेवण बंदच पडलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. २०१५ च्या नियमांप्रमाणे कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर मुलाला त्याच्या वाट्याचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये या भत्त्याचा हक्क आहे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी कोणाची ते राज्य सरकारने ठरवायचं असतं. तांदूळ किंवा पैसे यायला उशीर झाला तर मुख्याध्यापक शाळेतला दुसरा निधी तात्पुरता वापरू शकतात, हीही तरतूद आहे. ती त्यांना दाखवा. अधिकार असूनही माहीत नसल्यामुळे जेवण थांबलेलं मी पाहिलंय.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ. मागायचं काय? अमुक ते अमुक तारखेपर्यंत शाळेला मिळालेल्या धान्यादी मालाच्या पोच पावत्या, रोजचा वापर, जेवलेल्या मुलांची संख्या, तपासणी अहवाल. "का दिलं नाही" असं विचारू नका. 'का'चं उत्तर या कायद्यात मिळत नाही, कागद मिळतो. तीस दिवसांत माहिती आली नाही तर पहिलं अपील करा. याच कायद्याने कागदपत्रांची पाहणी करता येते आणि मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. कीड लागलेल्या डाळीच्या वेळी हे उपयोगी पडतं.

त्याच्याही पुढे अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग ठेवला आहे. हे अधिकारी तुमच्या जिल्ह्यात कोण, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. त्यांनी दिलासा द्या म्हटल्यावरही एखाद्या कर्मचाऱ्याने सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर कलम ३३ खाली आयोग त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो. रक्कम मोठी नाही. पण तक्रारीत हे कलम लिहिलेलं असलं की फाईल हलते.

शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीचंही थोडक्यात सांगते. शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा विनियम आहे. टपरीवाला गावचाच असतो. आधी त्याला शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, केळी ठेवायला सांगा.

अंड्यावरून शिकलेला धडा

इथवर झालं ते कायद्यात आहे ते मिळवण्याचं काम. आता कायद्यात नाही त्याचं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि शाळेत आठवड्यातून एकदा अंडं मिळू लागलं. न खाणाऱ्यांना केळी. आमच्या गावात माळकरी घरं बरीच. आम्ही पालकांकडून आधीच लेखी विचारून दोन याद्या केल्या, अंडं खाणाऱ्यांची आणि केळी खाणाऱ्यांची. कुठलाही वाद झाला नाही. त्या वाराला हजेरी चांगली असायची, हे कोणत्याही गुरुजींना विचारा. २८ जानेवारी २०२५ ला दुसरा शासन निर्णय आला आणि अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबला. हवं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. ज्या गावातले आईबाप निम्मं वर्ष ऊस तोडायला बाहेर असतात त्या गावाने लोकसहभाग कुठून आणायचा?

एका कागदाने आलेलं अंडं दुसऱ्या कागदाने गेलं. खिचडी मात्र राहिली, कारण ती कायद्यात आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, शासन निर्णय मिळाला तर घ्या, पण त्यावर थांबू नका.

अंड्यासाठी भांडण्यामागे साधा हिशेब आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या कायदेशीर १२ ग्रॅमच्या निम्मी, तीही अंगी लागणारी. आता पैसे बघा. १ मे २०२५ पासून साहित्याचा दर लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे आहे. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, इंधन, सगळं एवढ्यात बसवायचं. गावच्या दुकानात एक अंडं सहा-सात रुपयांना मिळतं. म्हणजे वेगळा निधी असल्याशिवाय अंडं येणार नाही, हे कोणालाही पटेल. भाषण न करता हे दोन आकडे सांगा.

दुष्काळी भागातल्या पालकांसाठी आणखी एक आधार आहे. २० एप्रिल २००४ च्या त्याच आदेशात न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलंय. मग १३ मे २०१६ ला स्वराज अभियानच्या याचिकेवर, ज्यात महाराष्ट्रही होता, न्यायालयाने असंही सांगितलं की दुष्काळी भागातल्या मुलांना अंडं, दूध किंवा तसाच पोषक पदार्थ शक्यतो आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस मिळावा. तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला की त्याच आठवड्यात या आदेशाचा हवाला देऊन पत्र टाका.

कायदा बदलायचा तर दारं कोणती

कायदा बदलणं म्हणजे दिल्लीचं काम, असं वाटून लोक मागे फिरतात. दारं तीन आहेत, आणि त्यातलं एक आपल्या जवळचं आहे.

ते जवळचं दार म्हणजे राज्याचं. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ मध्ये साफ लिहिलंय की राज्य सरकार स्वतःच्या पैशातून कायद्यापेक्षा जास्त लाभ देऊ शकतं. तामिळनाडूच्या शाळांत आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून तिथे सकाळचा नाश्ताही सुरू झाला. शेजारच्या कर्नाटकात दहावीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. सोलापूरच्या सीमेवरच्या गावांतली माणसं पलीकडच्या पाहुण्यांकडून हे ऐकतात आणि आम्हाला विचारतात, आपल्याकडे आठवीनंतर पोराला भूक लागत नाही का?

राज्य स्वतःचा कायदाही करू शकतं. छत्तीसगडने केंद्राच्या आधी, २०१२ मध्ये, अन्न व पोषण सुरक्षेचा कायदा केला. आणि आपल्याला दुसरीकडे बघायचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, पदरात बांधून पोरांना आणायची. अशा कामाचा हक्क देणाऱ्या रोजगार हमी योजनेचा पाठपुरावा वि. स. पागे यांनी केला. ते आमच्या शेजारच्या तासगाव भागातले, विधान परिषदेचे सभापती. १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि खर्चासाठी व्यवसाय कराचा पैसा बांधून दिला. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. शाळेच्या जेवणालाही असंच हवंय: कायदा, आणि त्याला बांधलेला पैसा.

अशा राज्य कायद्यात काय असावं, यावर ग्रामसभेत चर्चा करा. माझं म्हणणं असं. आठवड्यातून किमान तीन दिवस अंडं, न खाणाऱ्याला दूध किंवा केळी आणि सोबत शेंगदाणे. नववी-दहावीच्या मुलांचा समावेश, कारण पोरी वाढीला लागतात नेमक्या त्याच वयात जेवण बंद होतं. साहित्याचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावा. मावशींचं मानधन बाराही महिने मिळावं आणि त्याला किमान वेतनाचा आधार असावा. आणि प्रत्येक जिल्ह्याचा सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे लोकांनी केलेल्या जाहीर तपासणीचा, अहवाल दरवर्षी विधिमंडळासमोर यावा. तुमच्या भागात वेगळं काही लागेल, कोकणात मासळीचा विचार होईल, मेळघाटात आणखी कशाचा. ठरवायचं तुम्ही.

दुसरं दार केंद्राच्या अनुसूचीचं. फार थोड्यांना हे माहीत असतं, पण कलम ३७ प्रमाणे पोषणाची दुसरी अनुसूची बदलायला नवं विधेयक लागत नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून ती बदलू शकतं. खासदारांकडे मागणी नेताना हे कलम लिहा. तिसरं दार म्हणजे मूळ कायद्यात दुरुस्ती. आठवीची मर्यादा दहावी-बारावीपर्यंत नेणं हे संसदेचंच काम आहे आणि त्याला वेळ लागणार. खासदार अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडू शकतात. १९७० नंतर असं एकही विधेयक संसदेत कायदा होऊ शकलेलं नाही, तरी ते मांडलं आणि चर्चेला आलं की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं नोंदलं जातं. म्हणून तिन्ही दारं एकाच वेळी वाजवायची.

आमदारांकडे जाताना

आधी ग्रामसभेचा ठराव. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा होतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा होते. विषय महिलांच्या सभेत मंजूर करून घ्या, मग मुख्य सभेत तो सहसा कोणी अडवत नाही. शेजारच्या गावांकडूनही असेच ठराव आणा. एका गावाचं पत्र बाजूला ठेवता येतं. आपल्या शाळांच्या केंद्रातल्या सगळ्या गावांचे ठराव एकत्र आले की आमदारांना त्यात मतदार दिसतात, आणि लोकशाहीत ते तसंच असतं.

एकच पान न्या. वर मागणी एका वाक्यात. खाली तुमच्या वहीतले आकडे, मग कलमं. शेवटी आमदारांनी नेमकं काय करायचं ते. "लक्ष घालावे" असं लिहू नका, त्यातून काहीच निघत नाही. प्रश्न तयार करूनच द्या: "शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने बंद केला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, दुष्काळग्रस्त तालुक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ मे २०१६ च्या आदेशाचे पालन कसे करण्यात येत आहे?" विधानसभेतले प्रश्न याच घाटाचे असतात. तयार मजकूर असला की त्यांच्या कार्यालयाचं काम वाचतं आणि प्रश्न लागण्याची शक्यता वाढते.

कोणतं आयुध कधी, तेही कळायला हवं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात. ताज्या घटनेसाठी लक्षवेधी सूचना. पैसे हवे असतील तर अर्थसंकल्पी अधिवेशन, तिथे शालेय शिक्षण विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते (नाव कपातीचं, पण तिच्यामुळे त्या खर्चावर चर्चा होते). नव्या कायद्यासाठी अशासकीय विधेयक. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, तिच्याकडे सामान्य माणसाचा अर्ज आमदारामार्फत जातो. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे सात आमदार असतात, आमच्या भागाचा पुणे शिक्षक मतदारसंघ. खिचडीच्या नोंदींचा शिक्षकांवर पडणारा बोजा ही त्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे, तर त्यांनाही हाच कागद द्या. विरोधी पक्षाच्या आमदारालाही द्या. पोराच्या ताटाला पक्ष लावू नका, आणि कोणी लावू पाहिला तर त्या सभेतून उठून या.

वेळ महत्त्वाची. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी पाठवावे लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर मुंबईला धावून उपयोग नाही. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी दिवाळीच्या आधी भेटा. मार्चच्या अर्थसंकल्पासाठी डिसेंबर संपायच्या आत. पावसाळी अधिवेशनासाठी शाळेला सुट्टी लागते तेव्हाच, कारण जूनमध्ये आपणही पेरणीच्या गडबडीत असतो. भेटायला दोघी-तिघी आया आणि शक्य झालं तर मावशींना सोबत न्या. बोलायला पाचच मिनिटं मिळतात, ती मावशींना द्या. पीए म्हणतील, "ठेवून जा, साहेबांना दाखवतो." कागद ठेवा, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघू नका. पुढच्या अधिवेशनाला त्याच प्रतीचा हवाला द्यायचा असतो.